विंडो एसी: दुरुस्ती की निरोप?

एप्रिल उजाडला की खिडकीतला एसी घरघरतो, पण गार हवा काही येत नाही. मेकॅनिक येतो, ‘गॅस संपलाय’ म्हणतो, भरतो, पैसे घेऊन जातो. महिन्याभरात पुन्हा तेच! खरं तर एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतच फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न बुजवता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर नुसताच गुणगुणून बंद पडतोय? बऱ्याचदा दोष कपॅसिटरचा असतो. तो बदलणं स्वस्तातलं काम.

कॉम्प्रेसरच जळाला किंवा कॉइल सडली, तर मात्र हिशेब बदलतो. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत कॉइल लवकर गंजते. त्यात एसीच्या पाटीवर ‘आर-२२’ असेल, तर ओझोनला घातक असलेला हा वायू माँट्रियल करारानुसार २०३०पर्यंत जवळजवळ हद्दपार व्हायचा आहे. अशा आठ-दहा वर्षं जुन्या एसीला नव्याच्या निम्मा खर्च येत असेल, तर नवाच घ्यावा. घेताना खिडकीचं माप आणि स्टार-लेबलवरचं वर्ष, दोन्ही पाहावं.