गोल्फची काठी हाती घेण्याआधी

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात आम्ही सहा जण आहोत. दोघे बँकेतून निवृत्त झालेले, एक रेल्वेतून, एक शाळेतल्या बाई, एक सरकारी रुग्णालयात ३२ वर्षे काढलेल्या सिस्टर आणि एक अजून नोकरीत असल्यामुळे फक्त रविवारी उगवणारे. आमच्या गप्पांचे विषय ठरलेले : गुडघे, साखर, पेन्शन आणि नातवंडे. त्यात गेल्या दिवाळीनंतर गोल्फ येऊन बसला.

झाले असे की, रेल्वेतल्या दादांचा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना गोल्फच्या काठ्यांची पिशवी घरी ठेवून गेला. (या खेळात काठीलाही क्लब म्हणतात आणि मैदान चालवणाऱ्या संस्थेलाही क्लबच म्हणतात. गोंधळ नको म्हणून आम्ही इथे काठीच म्हणू.) दादांना वाटले, नुसती पडून राहण्यापेक्षा आपणच खेळावे. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे आणि पहाटे वस्तीमागच्या मोकळ्या पटांगणात जाऊन चेंडू मारायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रोज शंभर-दीडशे फटके. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या उजव्या कोपराची आतली बाजू दुखू लागली, चहाचा कप उचलवेना. पाठोपाठ कंबरही धरली. डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले, ‘गोल्फर्स एल्बो’. दादा म्हणाले, "खेळ काही आला नाही, दुखणे मात्र खेळाडूचे आले."

आम्ही हसलो खरे, पण पुढचे दोन महिने दादांचे फिजिओथेरपीत गेले. वाचकांपैकी कोणी या खेळाकडे वळणार असेल, तर त्यांनी दादांच्या वाटेने जाऊ नये, म्हणून हा लेख.

कोपर का दुखते ते आमच्या सिस्टरांनी समजावून सांगितले. मनगट आत वळवणारे आणि मूठ आवळायला मदत करणारे स्नायू कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याला बांधलेले असतात. नवखा माणूस काठी गच्च आवळतो आणि चेंडूऐवजी जमिनीवर आपटतो. तो हादरा त्याच जागी जाऊन बसतो. एकदा बसला तर काही नाही, पण रोज शंभर वेळा बसला की तिथली दोरी कुरतडायला लागते. कंबरेचे गणित निराळे. काठी फिरवताना अंग पिळले जाते. हा पीळ खुब्यातून आणि पाठीच्या वरच्या भागातून यायला हवा, कारण कंबरेचे मणके वळायला फारसे मोकळे नसतात. ज्याने तीस-पस्तीस वर्षे खुर्चीत बसून नोकरी केली, त्याचे खुबे आखडलेले. मग सगळा पीळ कंबरेवर. हौशी खेळाडूंमध्ये कंबर आणि कोपर या दोन जागा सर्वांत जास्त दुखावतात, त्यामागे हे कारण आहे.

मग हा खेळ सोडूनच द्यावा का? आमचे मत तसे नाही. पूर्ण १८ होलचा खेळ म्हणजे चार तासांच्या आसपास मोकळ्या हवेत चालणे, तेही चढउतारावर, सहा-सात किलोमीटर किंवा अधिक. धावपळ नाही, कोणाशी धक्काबुक्की नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ साली ३ लाख गोल्फ खेळाडूंची माहिती तपासली. त्याच वयाच्या, त्याच आर्थिक-सामाजिक थरातल्या इतरांपेक्षा या खेळाडूंचा मृत्युदर ४० टक्क्यांनी कमी आढळला. गोल्फ खेळणारे मुळातच सुखवस्तू असतात, म्हणून जास्त जगत असतील, ही शंका आम्हालाही आली होती. पण त्या अभ्यासात हा फरक कार्यालयात बसून काम करणाऱ्यांपेक्षा अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांत अधिक दिसला. अर्थात गोल्फमुळेच आयुष्य वाढले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. मुळात धडधाकट माणसेच खेळायला जातात, हेही खरे. तरी चार तास चालण्याचा फायदा कोणी नाकारणार नाही.

दादा बरे झाले, तेव्हा त्यांनी हट्टच धरला की आता शिकायचे तर शिक्षकाकडूनच. सोबत म्हणून आम्ही तिघे गेलो आणि आम्हीही शिकू लागलो. शाळेतल्या बाई सर्वांत आधी तयार झाल्या.

पहिल्या दिवशी शिक्षकांनी आम्हाला चेंडू मारूच दिला नाही. आधी प्रत्येकाला विचारले, रक्तदाब आहे का, मणक्याचे काही आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मग अर्धा तास फक्त काठी कशी धरायची. दोन्ही हातांची बोटे एकमेकांवर चढवून, किंवा अडकवून, किंवा दहाही बोटे काठीवर ठेवून, असे तीन प्रकार. ज्याच्या हाताला जे जमेल ते. आणि पकड किती घट्ट? ते म्हणाले, "हातात चिमणीचे पिल्लू आहे असे समजा. उडून जायला नको आणि गुदमरायलाही नको." दादांनी तीन आठवडे कुऱ्हाडीसारखी धरली होती.

दुसरी अडचण आपल्या सर्वांची आहे, ती म्हणजे क्रिकेट. गल्लीत वाढलेल्या माणसाच्या अंगात बॅट भिनलेली असते. समोर चेंडू दिसला की खालच्या हाताने त्याला उचलून फेकायला आपण धावतो. गोल्फमध्ये हे उलटे चालते. लोखंडी काठीचे तोंड मुळातच तिरके घडवलेले असते. काठी खाली येत असताना चेंडूवर बसली, तर तो आपोआप वर उठतो. तुम्ही त्याला उचलायला गेलात, की तो जमिनीलगत सरपटत जातो. ही गोष्ट कळायला आम्हाला एक धडा लागला, अंगवळणी पडायला आठ.

बँकेतल्या आमच्या मित्राचा चेंडू दर वेळी उजवीकडे वळत जाई. त्यांनी आपल्या बुद्धीने उपाय काढला, डावीकडे तोंड करून उभे राहायचे. चेंडू आणखी उजवीकडे वळू लागला! शिक्षकांनी दाखवले की डावीकडे उभे राहिल्यामुळे काठी चेंडूला बाहेरून आत कापत होती आणि चेंडूला तीच गिरकी अधिक मिळत होती. खरा दोष काठीचे तोंड उघडे राहण्यात होता. पकड थोडी फिरवली आणि चार चेंडूंत फरक पडला. आपल्या फटक्यात आपल्याला दिसते ते आणि प्रत्यक्षात घडते ते यांत इतके अंतर असते. व्हिडिओ दुसऱ्याचा फटका दाखवतो, तुमचा पाहायला कोणीतरी समोर उभे असावे लागते.

आता एक मनातली गोष्ट. पूर्वी एकदा आमच्यातले एक जण साहेबांचे पाहुणे म्हणून एका नामांकित मैदानावर गेले होते. अंगात गोल गळ्याचा टी-शर्ट होता. दारावर त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून परत पाठवले गेले. कॉलरचा शर्ट लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते आजही म्हणतात, नियम कळला असता तर दहा मिनिटांत शर्ट बदलून आलो असतो. पण त्या नजरेनंतर पुन्हा तिकडे पाय वळला नाही. ‘हा आपला खेळ नव्हे’ असे आपण म्हणतो, त्यात किती वेळा एखादी अशीच नजर लपलेली असते! या खेळाचे बरेचसे रीतिरिवाज कुठे लिहून लावलेले नसतात. दुसरा फटका मारत असताना हलायचे-बोलायचे नाही, उखडलेली माती जागेवर बसवायची, वाळूच्या खड्ड्यातली आपली पावले दाताळ्याने पुसायची, मागचा गट वेगाने येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यायचे, चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर ‘फोर’ असे ओरडायचे. आमच्या शिक्षकांनी हे सारे तिसऱ्याच धड्यात सांगून टाकले. मैदानात पाय ठेवताना पोटात गोळा आला नाही, तो त्यामुळे.

हे शिक्षक स्वतः लहानपणी कॅडी होते, म्हणजे दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारे. या देशातले कितीतरी उत्तम खेळाडू त्याच वाटेने आले आहेत. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी असलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा. त्याआधी ही स्पर्धा जिंकलेले भारतीय एकच होते, १९६५ सालचे पी. जी. सेठी. यावर बँकवाल्या मित्राने लगेच मुद्दा काढला, "कॅडींनी कुठे फी भरून धडे घेतले होते?" शिक्षक हसून म्हणाले, "साहेब, दहा वर्षे रोज हातभर अंतरावरून लोकांचे फटके बघत होतो. फी पाठीने भरली." आमच्याजवळ ती दहा वर्षे नाहीत आणि तसली पाठही नाही.

वयाचे म्हणाल, तर महूचे मुकेश कुमार २०१६ मध्ये वयाच्या ५१व्या वर्षी पॅनासोनिक ओपन इंडिया जिंकले. महू म्हटले की आमच्या वाचकांना वेगळे काही सांगायला नको. ते आयुष्यभर खेळत आलेले व्यावसायिक, त्यांची बरोबरी कोण करणार. पण ५१ व्या वर्षी शरीर एवढे साथ देते, हे पाहून आम्हाला हुरूप आला.

खर्चाचा प्रश्न येणारच. मुंबईतली बहुतेक मैदाने सभासदांची आहेत आणि सभासदत्व आपल्या आवाक्यातले नाही. पण खारघरला सिडकोने केलेल्या मैदानासारख्या ठिकाणी सभासद नसतानाही फी भरून खेळता येते. शिकण्यासाठी तर मैदानही लागत नाही, ड्रायव्हिंग रेंज पुरते. तिथे चेंडूंच्या बादलीचे पैसे द्यायचे, काठी बहुधा भाड्याने मिळते. सुरुवातीलाच पूर्ण संच विकत घेऊ नका. नियमाने १४ काठ्या बाळगता येतात. पहिले सहा महिने सात नंबरची लोखंडी आणि एक पटर यांवर आमचे भागले. तिघा-चौघांनी मिळून धडा घेतला तर फी वाटली जाते. शिक्षकांकडे नॅशनल गोल्फ अॅकॅडमी ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र आहे का, हे निःसंकोच विचारावे.

सिस्टरांनी आणखी काही गोष्टी आवर्जून लिहायला सांगितल्या आहेत. हृदयविकार, मणक्याची गादी सरकणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असे काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. काठी हाती घेण्यापूर्वी दहा मिनिटे चाला, खांदे आणि खुबे मोकळे करा. पहिल्या महिन्यात पन्नास चेंडूंवर थांबा, हात शिवशिवत असले तरी. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर खिशात ग्लुकोज किंवा गोड बिस्किटे हवीत आणि घरी आल्यावर पावले नीट तपासायला हवीत. उन्हाळ्यात नऊच्या आत खेळ आटपा. कोपर किंवा कंबर दोन दिवसांहून जास्त दुखली, तर खेळ थांबवा आणि शिक्षकांना सांगा. बहुतेक वेळा पकडीत किंवा उभे राहण्यात काहीतरी बिघडलेले असते.

दादांचे कोपर आता दुखत नाही. ते अजूनही चेंडूपेक्षा माती जास्त उडवतात. पटर घेऊन चेंडू होलमध्ये घालण्यात मात्र शाळेतल्या बाई आम्हा सर्वांच्या पुढे आहेत. होल सव्वाचार इंचांचे असते; बाई म्हणतात, फळ्यावर सरळ रेघ मारायची सवय कामी आली. येत्या शनिवारी आम्ही प्रथमच रेंजवरून उठून खऱ्या मैदानावर नऊ होल खेळणार आहोत. टी-शर्टवाल्या मित्रांनी कॉलरचे दोन शर्ट इस्त्री करून ठेवले आहेत.