लुगड्यातला बाप

मावशी म्हटली की आम्हां संगमनेरकरांपुढे दोघीजणी उभ्या राहतात. एक आईची सख्खी बहीण, दुसरी तमाशातली. गण आटोपून गौळण सुरू झाली, की मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना सांभाळायला ही दुसरी मावशी हजर! डोईवर पदर, कमरेवर हात, जिभेला हाड नाही, आणि लुगड्याच्या आत चांगला दणकट बाप्या. कवी अनंत फंदींच्या आणि कांताबाई सातारकरांच्या आमच्या गावाला या मावशीची ओळख काय करून द्यायची!

म्हणूनच १९९७ साली आलेल्या कमल हासन यांच्या ‘चाची ४२०’मधल्या लक्ष्मी गोडबोले मला काही परक्या वाटल्या नाहीत. चित्रपट हिंदी, नट तामिळ. पण बाई मात्र थेट आपल्यातली, नऊवारी नेसून मराठी वळणाचे हिंदी बोलणारी.

कथा थोडक्यात अशी. नवराबायकोचे फाटते. लहानगी भारती आईबरोबर आजोबांच्या बंगल्यात राहते आणि बापाला ती दुरावते. मग जॉनी वॉकर यांचा रंगभूषाकार जोसेफ त्याला चक्क बाई करून सोडतो, आणि जावई सासऱ्याच्या घरी मूल सांभाळायला येऊन राहतो. सासरेबुवा, म्हणजे अमरीश पुरी, तिच्यावरच भाळतात! पुढचा गोंधळ ज्याचा त्याने पाहावा.

ही बाई बरेच देश हिंडून आलेली आहे. अ‍ॅन फाइन यांच्या १९८७ च्या कादंबरीवरून हॉलिवूडने १९९३ साली ‘मिसेस डाउटफायर’ काढला; त्यावरून सुचलेला तामिळ ‘अव्वै षण्मुखी’ १९९६ चा, आणि त्याचाच हा हिंदी अवतार. आपल्याकडे आचार्य अत्र्यांनी त्याच्या कितीतरी आधी ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनाला ‘मोरूची मावशी’चे लुगडे नेसवले होते. विजय चव्हाणांची मावशी आठवून माझी बहीण अजून डोळ्यांतले पाणी पुसते.

पण वाचकहो, मोरूच्या मित्रमंडळींना मावशी हवी होती ती प्रेमप्रकरण जमवायला. लक्ष्मीबाईंचे दुःख निराळे आहे. जो माणूस बाप म्हणून नालायक ठरला, त्याच्याच हाती लुगडे नेसताच घराच्या किल्ल्या आल्या. हात तेच, माया तीच. बदलला तो फक्त पोशाख!

हसता हसता मला हे बोचले, कारण आमच्या घरी मी ते रोज पाहतो. माझी सून नोकरीला बाहेर पडते आणि मुलगा घरून काम करीत दोन पोरे सांभाळतो. वेणी घालतो, डबा भरतो, तापात रात्र जागतो. तरी कुणी दारात आले की पहिला प्रश्न ठरलेला : “वहिनी माहेरी गेल्यात वाटतं?” तो बिचारा हसून चहा टाकतो.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना ‘चाची ४२०’ अवश्य दाखवा. ती पोट धरधरून हसतील. मात्र चित्रपट संपला, की फराळाची ताटे पुसायला घरातल्या एखाद्या बाप्याला हाक मारा. लुगडे नेसायचा आग्रह मात्र करू नका!