जपानी तलवार ओळखायची कशी? प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून बऱ्याच जणांना प्रश्न पडला असणार की, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला हा म्हातारा तलवारींकडे कसा काय वळला? आत येताना एका गृहस्थांनी विचारलंच, "सर, आता शस्त्र उचलणार की काय?" नाही हो, जिने चढताना गुडघे उचलतात तेवढंच पुरे आहे. पण तलवार ओळखणं हा 'आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो' या प्रश्नाचा फार चांगला धडा आहे, म्हणून हा विषय घेतला.

माझा एक जुना विद्यार्थी खारघरला राहतो. बँकेत मोठ्या पदावर आहे. पन्नाशीत त्याला जपानी तलवारींचा नाद लागला. पुस्तकं घेतली, हैदराबादला सालारजंग संग्रहालयात जाऊन तिथल्या सामुराई तलवारी पाहून आला. हात लावलेली एकही नाही, पण मनाने संग्राहक झाला. एक दिवस त्याचा फोन आला. "सर, सातारा जिल्ह्यात एका घरात जपानी तलवार आहे. आजोबा मराठा पलटणीत होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. जपानी जनरलची तलवार घेऊन आले होते. नातू कामोठ्याला असतो, तो विकायचं म्हणतोय. तुम्ही बरोबर चला." मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं?" तर म्हणाला, "तलवारीतलं नाही सर, पण मी वाहवत जायला लागलो की तुम्हाला कळतं." मग गेलो.

आता जपानी तलवार सातारा जिल्ह्यात येईल कशी? यात अशक्य काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी जपान्यांशी लढल्या. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जी झुंज झाली, तिच्यात मराठ्यांची चौथी पलटण होती. पुढे १२ सप्टेंबर १९४५ रोजी सिंगापूरला लॉर्ड माउंटबॅटन यांनी जपानी सैन्याची शरणागती स्वीकारली. जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समारंभाने स्वाधीन केल्याच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. अशा कितीतरी तलवारी पलटणींमध्ये वाटल्या गेल्या. काही रणांगणावर मिळाल्या. त्यामुळे गोष्ट शक्य होती. पण शक्य असणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. नवखा संग्राहक पहिली ठेच इथेच खातो.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यातली तीन आज आपल्याला पुरतील. प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांना दिसतं ते. अनुमान, म्हणजे दिसलेल्यावरून न दिसलेलं काढणं. आणि शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. तलवार विकणारा आपल्याला आधी शब्द देतो, आणि आपण त्या शब्दाच्या चष्म्यातून तलवार बघतो. क्रम उलटा पाहिजे. आधी डोळे, मग तर्क, आणि गोष्ट शेवटी.

आधी प्रत्यक्ष. परंपरेने घडवलेल्या जपानी तलवारीला निहोन्तो म्हणतात. लोहयुक्त वाळू कोळशाच्या भट्टीत वितळवून तामाहागाने नावाचं पोलाद काढतात. ते तापवायचं, ठोकायचं, घडी घालायची, पुन्हा ठोकायचं. मग पात्यावर मातीचा लेप देतात. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. पातं लालबुंद करून पाण्यात बुडवलं की धारेकडचा भाग पटकन थंड होतो आणि अतिशय कडक बनतो. पाठ सावकाश थंड होते आणि चिवट राहते. कडक झालेलं पोलाद किंचित फुगतं, म्हणून पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीचा तो डौलदार बाक पुष्कळसा या पाण्यातच येतो. कडक आणि चिवट भागांच्या सीमेवर एक धूसर रेघ उमटते, तिला हामोन म्हणतात. दिव्याखाली पातं हळूहळू तिरपं करत गेलं की त्या रेघेत बारीक चमकते कण दिसतात, पहाटेच्या धुक्यासारखं काहीतरी हलल्यासारखं वाटतं. नकली तलवारीवर हीच रेघ आम्लाने काढलेली असते. ती कुठूनही बघा, रंग मारल्यासारखी सपाट दिसते.

लांबीही मोजायची. एक शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर. दोन शाकूंच्या वर असेल तर कताना, एक ते दोनच्या मधली वाकिझाशी, एकाच्या आतला तांतो, म्हणजे खंजीर.

आता अनुमान. जपानी तलवारीचं खरं कागदपत्र मुठीच्या आत असतं. पात्याचा मुठीत शिरणारा जो भाग, त्याला नाकागो म्हणतात. बांबूची एक छोटी खुंटी काढली की मूठ सुटते. त्या भागावर कारागिराची सही असू शकते, कानशीचे चरे असतात, आणि गंज असतो. हा गंज फार मोलाचा. शेकडो वर्षांचा गंज काळसर, घट्ट, गुळगुळीत असतो. काल-परवा रसायनाने आणलेला गंज तांबूस असतो आणि बोटाला लागतो. पण सही दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. नामवंत कारागिरांच्या खोट्या सह्या जपानातच शतकानुशतकं कोरल्या गेल्या आहेत. उलट कित्येक अस्सल पात्यांवर सही नसते, कारण लांब पातं पुढे आखूड करताना सहीचा भाग कापला गेला. सही आहे म्हणून अस्सल, हा आपल्या नैयायिकांच्या भाषेत हेत्वाभास झाला. सही हाही शब्दच, आणि तो तपासूनच घ्यायचा.

आता लष्करी तलवारींकडे येऊ, कारण भारतात सापडली तर बहुधा तीच सापडेल. १८७६ मध्ये जपान सरकारने सामान्य सामुराईंना तलवार बाळगायला बंदी केली. पुढे १९३०च्या दशकात लष्कराने जुन्या धर्तीची तलवार पुन्हा गणवेशात आणली. अधिकाऱ्यांच्या तलवारीचे नमुने ९४ आणि ९८, हाताखालच्या हवालदार-सार्जंट मंडळींसाठी नमुना ९५. हे आकडे जपानी राजशकाचे आहेत. २५९५ म्हणजे आपलं १९३५, म्हणून नमुना ९५.

खरी गंमत पुढे आहे. अधिकारी आपली तलवार स्वतः विकत घेत. कुणी कारखान्यात तेलात बुडवून कडक केलेलं स्वस्त पातं घेई. अशा पात्यांवर पुष्कळदा छोटा शिक्का असतो. आणि कुणी घरातलं पिढीजात पातं लष्करी मुठीत बसवून युद्धावर नेई. म्हणजे बाहेरून १९४०ची लष्करी तलवार आणि आत चारशे वर्षांपूर्वीचं पातं, असंही असू शकतं. म्हणून अधिकाऱ्याची तलवार मूठ उघडल्याशिवाय कळत नाही. सार्जंटची मात्र कळते. तिची मूठ सहसा धातूची ओतीव, वर दोरी गुंडाळल्याचं नुसतं नक्षीकाम आणि रंग. मूठ बांबूच्या खुंटीने नाही, स्क्रूने बसवलेली. पात्याला पन्हळ, आणि मुठीजवळ ठोकलेला क्रमांक. यंत्रावर तयार झालेलं सरकारी हत्यार ते.

त्या घरी तलवार लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. नातवाने सोडून दाखवली. मुठीचा रंग उडालेला, खालून पांढरट धातू दिसतोय. स्क्रू आहे. पन्हळ आहे. पन्हळीच्या वर मुठीपाशी चार-पाच आकडे. दर दसऱ्याला चिंच आणि राखेने घासून पातं लख्ख केलेलं. माझ्या विद्यार्थ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. नमुना ९५. जनरलचा तिच्याशी काही संबंध असण्याचं कारण नव्हतं.

इथे थोडं थांबून घासण्याबद्दल बोलतो, कारण हा गुन्हा मी स्वतः केलाय. आमच्या आजोळी एक जुनी मराठा तलवार होती. पातं परदेशी असावं, ज्याला आपण फिरंग म्हणतो तसं. मी तेव्हा कॉलेजात होतो. दिवाळीच्या सुटीत उत्साहाने पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि दोन दिवसांत तलवार आरशासारखी केली. मामा घरी आले, पातं हातात घेतलं आणि म्हणाले, "इथे अक्षरं होती रे." बस, एवढंच. रागावले नाहीत. काय अक्षरं होती ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. वाचता येईल तेव्हा वाचू, असं घरातल्या प्रत्येकाला वाटत आलं होतं. २०२५ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने मिळवली, ती तुम्ही वाचली असेल. ती त्यांच्या नावाशी जोडता आली, कारण पात्याच्या पाठीवर देवनागरीत त्यांचं नाव आहे. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या तलवारीवर कुणाचं नाव होतं, हे आता जगात कुणालाही कळणार नाही, आणि ते पुसणारा मीच.

म्हणून नवख्यांसाठी पहिला नियम: काही करू नका. नाकागोचा गंज कधीही काढू नका. पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नका, घामाने डाग पडतो. मऊ स्वच्छ कापडाने पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवला की पुरे. लिंबू, चिंच, राख, पॉलिश पेपर, सगळं बंद. जपानी पात्याला झिलई करणं हा वेगळा, वर्षानुवर्षं शिकण्याचा व्यवसाय आहे. दसऱ्याची पूजा जरूर करा. हळदीकुंकू म्यानाला लावा.

दुसरा नियम कायद्याचा. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं. कुठे परवाना लागतो हे त्या त्या भागाच्या अधिसूचनेवर ठरतं. म्हणून घेण्याआधी पोलिसांच्या परवाना शाखेत लेखी विचारा. परदेशातून परस्पर मागवू नका, आयातीला परवानगी लागते. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. "घरातली आहे, पूजेची आहे" हे उत्तर कायद्याला चालत नाही. नातवालाही आम्ही हेच सांगितलं.

तिसरा नियम: पैसे आधी पुस्तकांवर आणि प्रवासावर खर्च करा. शंभर चांगली पाती काचेतून बघा, मग एक घ्या. जपानमध्ये १९४८ पासून तलवारींचं जतन करणारी एक मोठी संस्था आहे, तिथले जाणकार पातं पाहून दाखला देतात. असा दाखला म्हणजे आप्तवाक्य. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. ज्याला विषय कळतो आणि ज्याला खोटं सांगायचं नाही, तो आप्त. विकणारा फार तर पहिल्या अटीत बसतो.

तर, त्या घरात परत जाऊ. नातवाला सांगायचं कसं? शेवटी मीच म्हटलं, "ही तलवार खरी आहे, युद्धातलीच आहे. पण जनरलची नाही, सार्जंटची आहे." त्याचा चेहरा उतरला. किंमत गेली म्हणून नाही. लहानपणापासून शाळेत सांगितलेली गोष्ट गेली म्हणून. तेवढ्यात कोपऱ्यातून आजी बोलल्या. नव्वदी कधीच ओलांडलेली, कानाने कमी ऐकू येणारी बाई. नातवाने ओरडून सांगितलं, "आजी, जनरलची नाय म्हणत्यात!" आजी म्हणाल्या, "मग? त्येनी कवा जनरल म्हटलं हुतं? जनरल तुझ्या बापानं केला. त्ये म्हणायचे, प्वारगं हुतं. मिसरूड फुटलेलं. पानी मागत हुतं."

खोलीत कुणीच काही बोललं नाही.

बघा, आम्ही शब्दाला शेवटी ठेवलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण खरा शब्द तोवर आम्ही ऐकलाच नव्हता. ज्याने पाहिलं तो माणूस कधी जनरल म्हणाला नाही. मधल्या पिढीने प्रेमापोटी ती बढती दिली. स्क्रू, पन्हळ आणि क्रमांक पाहून आम्ही म्हटलं, सार्जंट. आजोबा म्हणत होते, पोरगं. तीन साक्षी एका जागी आल्या. एवढा पुरावा मोठ्या लिलावातल्या तलवारींनाही मिळत नाही.

विद्यार्थ्याने तलवार घेतली नाही. त्याने क्रमांकाचा फोटो काढला, आजोबांच्या पलटणीचे कागद लावून घेतले, आणि आजी जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून, तारीख घालून, एक प्रत त्या फडक्यात ठेवून आला. परतीच्या वाटेवर, खंबाटकी उतरल्यावर मला म्हणाला, "सर, संग्रहातली पहिली वस्तू मिळाली." मी म्हटलं, "कुठली?" तर म्हणाला, "वही."

तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं काही असेल, तलवार, बिल्ला, जुनं पदक, तर आज घरी गेल्यावर ते घासू नका. ज्यांना त्याच्याबद्दल ठाऊक आहे, ते माणूस अजून घरात असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा. वस्तू थांबेल, माणूस थांबत नाही. आता प्रश्न विचारा, पण सावकाश. मलाही थोडं कमी ऐकू येतं.