गुरुजींची पडद्यावरची शाळा

माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिच्या घरी गेलो, तर ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. त्यात कुणी विद्वान गृहस्थ बालकेंद्री अध्यापनावर बोलत होते आणि बाई पोळ्या लाटत होत्या. आवाज थांबला, की पिठाच्या बोटाने 'पुढे' दाबायचे, एवढाच काय तो संबंध.

"अगं, ऐकतेस तरी का?" मी विचारले.

"ऐकायचं कुठं दादा, संपवायचं! संपल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही."

हसू आले खरे. पण वर्गात एकाही पोराला अशी पळवाट न देणारी ही बाई स्वतः शिकताना अशी का वागली, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

एकाच वेळी हजारोंना खुले असणारे हे अभ्यासक्रम तसे नवेच. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमाला पैसे भरून बसलेले विद्यार्थी होते जेमतेम २५. जगभरातून फुकट येऊन बसले दोन हजारांहून अधिक. त्यातूनच 'मूक' हे नाव रूढ झाले. (मराठीत ते ऐकताना गंमत वाटते, कारण यातले बहुतेक विद्यार्थी खरोखरच मूक असतात.) २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गात दीड लाखाहून अधिक लोकांनी नावे घातली. शेवटपर्यंत टिकले ते त्यातले थोडके.

पण शिक्षकांसाठी अभ्यासक्रम रचताना 'किती जणांनी पुरा केला' हे माप पुरेसे पडते का? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या फ्रायडे इन्स्टिट्यूटने २०१३ पासून खास शिक्षकांसाठी असे वर्ग चालवले. त्यांनी धरलेली सूत्रे साधी होती: शिकवलेले रोजच्या कामाशी जोडलेले हवे, आपली वाट शिक्षकाने आपण निवडावी, आणि एका तज्ज्ञाच्या जोडीला अनेकांचे आवाज, सहकाऱ्यांचा आधार हवा. शिक्षक कोऱ्या पाटीने येत नाही. त्याला हवे तेवढे घेऊन तो निघून गेला, तर त्याला नापास कोण म्हणणार?

आपल्या पवईच्या आयआयटीत दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा घाट घातला, तेव्हा देशभरच्या महाविद्यालयांत केंद्रे उघडून एकाच वेळी सगळ्यांना प्रक्षेपण दाखवले जाई. पुढे तिथल्याच सहना मूर्ती, श्रीधर अय्यर यांच्या गटाने अभ्यासक्रमाच्या रचनेवरच काम केले. त्यातली मला आवडलेली युक्ती अगदी छोटी आहे. चित्रफितीत बोलणारा मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो आणि तुम्हाला फीत थांबवून उत्तर लिहायला सांगतो. मग तो त्या उत्तरांवर बोलतो. व्याख्यानाचा संवाद होतो.

समजा, विषय अपूर्णांकांचा आहे. एका पोराने १/३ आणि १/४ यांची बेरीज २/७ केली. इथे फीत थांबवून 'हे पोर काय विचार करत असेल?' असे विचारले, तर वीस वर्षे शिकवणारी बाईही लाटणे खाली ठेवेल. 'उद्या तुमच्या वर्गात हेच गणित घाला आणि उत्तरे घेऊन या,' म्हटले, तर धडा मोबाइलमधून उठून शाळेत जाईल.

आता ही हजारो उत्तरे वाचायची कुणी? एकट्या तज्ज्ञाच्या आवाक्यातले ते काम नव्हे. शिक्षकांनीच एकमेकांची वाचायची. त्याला लागतो वेळ, आणि आपल्याकडे नेमके तेच गृहीत धरले जाते. चकचकीत चित्रीकरणाला पैसा निघतो. शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास काही निघत नाहीत.

परवा बहिणीचा फोन आला. नव्या अभ्यासक्रमात वर्गातल्या मुलांच्या चुका गोळा करून पाठवायच्या आहेत म्हणे. उत्साहात होती. फक्त पहिला स्वाध्याय नेमका सहामाहीचे पेपर तपासायच्या आठवड्यात आला आहे.