पाताळगंगेचें उन्हाळी पाणी

नदीची योग्यता तिच्या श्रावणांतील पुरावरून ठरवूं नये. चैत्र-वैशाखांत तिच्या पात्रांत काय उरतें, यावरून ती ठरवावी. ही कसोटी लावली असतां कोंकणांतील बहुतेक नद्या उणें पडतात. सह्याद्रीच्या माथ्यापासून खाडीपर्यंतचें अंतर थोडें, उतार उभा, आणि पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होणारा. तेव्हां भाताची झोडणी आटोपून वालाचीं पिकें हातीं येतात न येतात तोंच आमच्या ओढ्या-नद्यांचे खडक उघडे पडूं लागतात. पनवेल तालुक्याच्या दक्षिण भागांतून जाणारी पाताळगंगा मात्र ऐन वैशाखांतही वाहत असते. ती कां वाहते, तिचें पाणी कोणाकोणाकडे जातें, आणि त्यांत शेतकऱ्याचा वांटा कोणता, याचा विचार जमीनधारकांनीं करणें आतां अगत्याचें झालें आहे.

पाताळगंगेचें हें उन्हाळी पाणी मूळचें तिचें नव्हे. टाटा कंपनीनें १९१० सालीं जलविद्युत्‌ मंडळी स्थापून लोणावळें, वळवण व शिरवतें येथें धरणें बांधलीं, आणि तेथें सांठलेलें पाणी लोखंडी नळांतून घाटाखालीं सुमारें १,७०० फूट उतरवून १९१५ सालापासून खोपोलीच्या वीजगृहांत वीज उत्पन्न करण्यास आरंभ केला. निसर्गक्रमानें हें पाणी इंद्रायणींतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जावयाचें. तें कड्यावरून पश्चिमेस वळलें. यंत्राचीं चक्रें फिरवून झालीं कीं तें बाहेर पडून पाताळगंगेच्या पात्रांत येतें. मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळावी हा त्या योजनेचा हेतु होता. कोंकणांतील एका नदीस बारमाही करावें हा नव्हे. आम्हांस झाला तो आनुषंगिक लाभ होय, आणि आनुषंगिक लाभावर कोणाचा हक्क आपोआप लिहिला जात नाहीं.

युरोपांतील ऱ्हाईन नदीचा दाखला येथें उपयोगीं पडेल. स्वित्झर्लंडांतील आल्प्स पर्वतांत उगम पावून सुमारें १,२३० किलोमीटर वाहत ती नेदरलंड देशांत समुद्रास मिळते. उन्हाळ्यांत आल्प्सवरील बर्फ वितळतें, कॉन्स्टन्स सरोवर पाणी सांठवून हळूहळू सोडतें, आणि त्या आधारावर बाझेल शहरापासून रॉटरडॅम बंदरापर्यंत मालाचे मोठमोठे पडाव चालतात. कांठीं रासायनिक कारखाने, द्राक्षमळे व दाट वस्तीचीं नगरें आहेत. परंतु २०१८ व २०२२ सालीं पाऊस कमी पडून पात्र उतरलें, तेव्हां पडाव अर्धवट भरून हांकावे लागले व कारखान्यांच्या मालाची ओढाताण झाली. सारांश, जगांतील श्रीमंत नदीचीही श्रीमंती तिच्या ओसरत्या दिवसांतील पाण्यावर अवलंबून असते. आमच्या डोंगरांवर बर्फ नाहीं. त्याचें काम मावळांतील तीं तळीं करतात, एवढाच फरक.

टाटांच्या वीजगृहांतून असें पाणी कोंकणांत तीन ठिकाणीं उतरतें. भिवपुरीचें वीजगृह १९२२ सालीं सुरू झालें. त्याचें पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यांत येतें, व राजनाल्याच्या कालव्यानें कर्जत तालुक्यांत उन्हाळी भात पिकतें. भिऱ्याचें वीजगृह १९२७ सालचें. त्याचें पाणी कुंडलिकेंत पडतें, व डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेले कालवे रोहें व माणगांवकडील जमिनीस भिजवितात. या भिऱ्याच्या पाण्यासाठीं मुळशी पेट्यांतील भातखाचरें बुडालीं, आणि १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं तेथील मावळ्यांनीं सत्याग्रह केला, हें पाणी वापरणाऱ्या कोंकणच्या शेतकऱ्यानें विसरूं नये. तिसरी नदी पाताळगंगा. तिचें पाणी मात्र मुख्यत्वेंकरून कारखाने, बंदर व नगरें यांच्या वाटेनें गेलें.

याचा क्रमही पाहण्याजोगा आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० सालीं स्थापन झाली व तिचा कारखाना रसायनीस उभा राहिला. मागून पाताळगंगेची औद्योगिक वसाहत आली. न्हावा-शेवा पाणीपुरवठा योजनेनें बंदरास व पनवेलच्या वाढत्या वस्तीस याच नदीचें पाणी पोंचविलें. खालापूरकडील मोरबें धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचें आहे. शहरांस पाणी नको असें आम्ही म्हणत नाहीं. आमचींच मुलें त्या वसाहतींत नोकरी करतात व तेंच पाणी पितात. परंतु प्रत्येक नव्या मागणीच्या वेळीं कारखान्याचा अर्ज येतो, नगराचा अर्ज येतो. कांठच्या शेताचा अर्ज बहुधा कोणी करीतच नाहीं.

या नदीस तीन बाजूंनीं धोका आहे. पहिला मळाचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील नद्यांचे ३५१ दूषित पट्टे दाखविले. त्यांतील ५३ महाराष्ट्रांत असून पाताळगंगेचें नांव त्यांत आहे. दुसरा खाराचा. आपट्याच्या खालीं खारपाड्याकडे भरतीचें पाणी नदींत चढतें. वरून येणारी गोड्या पाण्याची धार त्यास मागें रेटते. ती बारीक झाली कीं खार वर सरकतो, व बांध आणि उघाडी कितीही बळकट राखली तरी कांठच्या विहिरी मचूळ होतात. तिसरा धोका सर्वांत मोठा. घाटावर पाण्याची टंचाई वाढत चालली असून, टाटांच्या तळ्यांतील पाणी पुनः भीमेच्या खोऱ्यास द्यावें अशी मागणी तिकडून होत असते. कृष्णा पाणीतंटा लवादानें १९७६ च्या अंतिम आदेशानें या पश्चिमवाहिनी पाण्यास मर्यादा घालूनच दिली आहे. घाटावरच्या शेतकऱ्याची मागणी गैरवाजवी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्याच्या शिवाराचेंच तें पाणी. परंतु ज्या दिवशीं ही वांटणी पुनः होईल, त्या दिवशीं खालच्या अंगास कोण किती पाण्यावर जगतो, हें कागदावर दाखवितां आलें पाहिजे.

येथें ऱ्हाईनच्या कांठच्या लोकांपासून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नौकानयनासाठीं त्यांनीं १८१५ सालींच सामायिक मंडळ ठरविलें, आणि नदीच्या शुद्धतेसाठीं १९५० सालीं दुसरें. तरीही १९८६ च्या नोव्हेंबरांत बाझेलजवळ एका रासायनिक वखारीस आग लागली, विझविण्याच्या पाण्याबरोबर विष नदींत उतरलें व दूरवर मासे मेले. मग मात्र सर्व देशांनीं उगमापासून मुखापर्यंत नदी एक समजून नवा कार्यक्रम आंखला, व नाहींसा झालेला सामन मासा पुनः वर येऊं लागला. आमची नदी एकाच जिल्ह्यांतील, एकाच सरकारच्या अंमलांतील. तिचा एकत्र हिशेब ठेवणें त्यांच्याहून सोपें असावयास पाहिजे.

महसुलाच्या दप्तरांत आमची हयात गेली, म्हणून दप्तरापुरतें सांगतों. कायद्यानें नदी सरकारची आहे. तेव्हां कांठच्या खातेदारानें नदींतून पाणी उचलावयाचें तर पाटबंधारे खात्याची परवानगी घ्यावी. गांव नमुना बारांत पिकाबरोबर जलसिंचनाच्या साधनाचाही रकाना असतो. पुष्कळ खातेदार उन्हाळ्यांत भाजी, कलिंगडें, वाल करतात. पण पाहणीच्या वेळीं साधन सांगण्याची खटपट करीत नाहींत. २०२१ सालापासून ई-पीक पाहणींत ही नोंद खातेदारास स्वतःच्या मोबाईलवरून करतां येते. ती प्रत्येक हंगामांत करावी. नोंदीनें हक्क उत्पन्न होत नाहीं हें खरें. पण जेथें नोंद नाहीं तेथें वहिवाट सिद्ध करणें फार कठीण जातें, हें वतनांच्या व बांधांच्या तंट्यांत आपण पाहिलेंच आहे. कांठच्या गांवांनीं पाणीवापर संस्था स्थापावी, दर पौर्णिमेस व अमावास्येस भरतीचा खार कोठवर चढला तें लिहून ठेवावें, आणि पाण्याचा रंग वा वास पालटल्यास तारीख-वारासह लेखी तक्रार करून तिची पोंच जपून ठेवावी. पांच वर्षांची अशी एक वही शंभर भाषणांपेक्षां अधिक वजनाची ठरेल. येत्या हंगामाचें बीं घरांत येण्यापूर्वीं ती वही घरांत यावी.