वेग आला, पण बलं बरोबर आहेत का?

1977 साली मॅककॅमन, जेलिन आणि कार्प्लस यांनी एका छोट्या प्रथिनातल्या अणूंची हालचाल संगणकावर मांडून दाखवली. तो काळ होता जेमतेम 9.2 पिकोसेकंदांचा. आज ग्राफिक्स कार्ड लावलेला टेबलावरचा संगणक तेवढा हिशेब काही सेकंदांत उरकतो. अणूंचं प्रत्येक पाऊल साधारण 2 फेम्टोसेकंदांचं धरतात, म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी 50 कोटी पावलं. दर पावलाला अणूंच्या लाखो जोड्यांमधली बलं मोजावी लागतात. एका जोडीचं गणित दुसरीसाठी अडत नाही, म्हणून कार्डाचे हजारो गाभे ते वाटून घेतात.

कार्डाची अडचण आली आणि सॉफ्टवेअर बंद पडलं, तर निदान कळतं तरी. त्रास होतो तो काम चालूच राहिलं की. अणूंची हालचाल मांडणाऱ्या ‘ग्रोमॅक्स’ या सॉफ्टवेअरला बलांचं गणित कुठे करायचं हे सांगितलं नसेल आणि कार्ड सापडलं नाही, तर ते प्रोसेसरवरच काम सुरू करतं. ‘ओपनएमएम’ हे तशाच कामाचं सॉफ्टवेअरही हाती असलेल्या पर्यायांतला सर्वांत वेगवान पर्याय आपणच निवडतं. मग आठवडाभराची प्रतीक्षा आणि ‘कार्ड मंद आहे’ असा चुकीचा निष्कर्ष. ‘ग्रोमॅक्स’च्या लॉग फाइलच्या सुरुवातीलाच कार्डाची नोंद असते. ती आधी वाचावी. त्याहून चांगलं म्हणजे गणित कार्डावरच व्हावं असं आज्ञेत स्पष्ट लिहावं. मग कार्ड नसेल तर काम सुरूच होत नाही. लिनक्सच्या अपडेटनंतर ड्रायव्हर आणि त्याच्या लायब्ररीची आवृत्ती जुळत नसल्याची तक्रार आली, तर बहुधा मशीन रीस्टार्ट केलं की भागतं.

खरा प्रश्न उत्तरांच्या विश्वासाचा आहे. कार्डावर आणि प्रोसेसरवर तेच काम चालवलं, तर थोड्याच वेळात अणूंचे मार्ग वेगळे होतात. नवखे इथे घाबरतात, पण यात बिघाड काही नाही. दशांश संख्यांची बेरीज संगणक ठरावीक अंकांपर्यंत जवळच्या मूल्याला आणत आणत करतो, त्यामुळे क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. आणि अणूंची गती इतकी संवेदनशील असते की तो अतिसूक्ष्म फरक झपाट्याने वाढतो. म्हणून मार्ग ताडून पाहण्यात अर्थ नाही. अणू एकाच जागी ठेवून दोन्हीकडची बलं ताडून पाहावीत. ‘ओपनएमएम’ची चाचणी नेमकं हेच करते. दुसरी कसोटी ऊर्जेची: तापमान आणि दाब आवरणारी यंत्रणा बंद करून काम चालवायचं आणि एकूण ऊर्जा सतत एका दिशेला सरकत नाही ना, हे पाहायचं. ती सरकत असेल, तर पावलाची लांबी किंवा अंकांची अचूकता तपासायला हवी.

आणि अणू अचानक उधळले, तर दोष कार्डावर ढकलण्याआधी तीच सुरुवातीची रचना प्रोसेसरवर चालवून बघा. तिथेही ती फुटली, तर बहुधा दोन अणू एकमेकांत घुसलेले असतात. आधी ऊर्जा किमान पातळीला आणून रचना सैल करावी लागते.