देणगी, विश्वस्त आणि नोंदणी : दात्याने शब्द कसे वाचावेत

सार्वजनिक संस्थेस देणगी देण्यापूर्वी तिची विश्वासार्हता कशी पारखावी, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा किंवा वकिलाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. कारण इतकेच की, दात्याच्या हाती प्रथम पडते ते संस्थेचे कार्य नव्हे, तर तिचे आवाहनपत्र. आणि त्यातील ‘नोंदणीकृत’, ‘शासनमान्य’, ‘करसवलतप्राप्त’ या शब्दांत जी हमी आपण गृहीत धरतो, ती त्यांत बहुधा नसते. प्रत्येक शब्द एका मर्यादित गोष्टीपुरता साक्षीदार असतो. ती मर्यादा कोणती, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम संकोचाविषयी. दान द्यावयाचे आणि वर हिशेब विचारायचा, हे आपल्याकडे कोतेपणाचे मानतात. परंतु ज्या परंपरेचा हा संस्कार म्हणून सांगितला जातो, तिने तर दानाच्या विचारात ‘पात्रा’ला, म्हणजे घेणाऱ्याच्या योग्यतेला, आरंभापासून स्थान दिले आहे. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील दुसऱ्या खंडात (१९४१) दान आणि उत्सर्ग यांचा विचार वेगवेगळा केलेला आढळेल. दानात दात्याचे स्वत्व संपून ते घेणाऱ्याच्या ठायी उत्पन्न होते. उत्सर्गात, उदाहरणार्थ विहीर किंवा तळे लोकांस अर्पण करताना, वस्तू कोणा एकाची होत नाही. ती सर्वांची होते. सार्वजनिक संस्थेस दिलेला पैसा या दुसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळचा आहे. तो दात्याचा उरत नाही, परंतु विश्वस्ताचाही होत नाही. तो लाभार्थ्याचा असतो. म्हणून दाता जी चौकशी करतो ती गेलेल्या पैशावरील मालकी गाजविण्यासाठी नव्हे. ज्या विद्यार्थ्याच्या, रुग्णाच्या किंवा विधवेच्या नावाने तो पैसा मागितला जात आहे, त्यांच्या वतीने तो प्रश्न विचारीत असतो. त्यांना स्वतःला तो विचारण्याची संधी क्वचितच मिळते.

पुण्याला हे नवे नाही. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष माजला, आणि त्या प्रकरणातूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. पुढे राजकीय कार्यामुळे सभेची कीर्ती झाल्याने तिचे हे मूळ विस्मृतीत गेले. सभेने स्वतःच्या प्रातिनिधिकतेची कसोटीही कडक ठेवली : सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. ‘लोकांच्या वतीने’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी त्यांचा पुरावा पुढे ठेवण्याची ही पद्धत होती. आजच्या कित्येक आवाहनांतून नेमकी तीच गोष्ट हरवलेली दिसते.

आता ‘नोंदणीकृत’ या शब्दाकडे वळू. मुंबई प्रांतात १९३५ साली सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा एक कायदा झाला. त्यानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला, आणि आज तोच महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याखाली झालेली नोंदणी सांगते ते असे : या नावाची विश्वस्तव्यवस्था अस्तित्वात आहे, तिचा उद्देश अमुक आहे, तिचे विश्वस्त व मालमत्ता यांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आहे. काम चांगले चालले आहे, असे नोंदणी म्हणत नाही. जन्मदाखल्यावरून माणसाची वर्तणूक कळत नाही, तसेच हे. मात्र या नोंदीचे मोल कमी लेखू नये. कारण तिच्यामुळे चौकशीला पत्ता मिळतो. पुण्यात सहधर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. तेथील नोंदवहीतील विश्वस्तांची नावे आणि आवाहनपत्रावरील नावे जुळतात काय, हे पाहावे. विश्वस्त बदलले की तो बदल कळविणे कायद्याने आवश्यक आहे (कलम २२). वर्षानुवर्षे बदल कळविलेला नसेल, किंवा दिवंगत व्यक्ती अद्याप विश्वस्त म्हणून नांदत असतील, तर अंतर्गत कलह वा अनास्था यांपैकी काहीतरी आहे असे समजण्यास हरकत नाही. हिशेबतपासणी कलम ३३ प्रमाणे बंधनकारक आहे. नोंदणी नसताना उत्सवासाठी वा अन्य धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांना कलम ४१क लागू होते. गणेशोत्सवाच्या आधी मंडळांची धावपळ चालते ती याच कलमापायी.

त्याच कायद्यात ‘धर्मादा’ या जुन्या बाजारी शब्दालाही जागा मिळाली आहे (कलम ५४). व्यापारी मालाच्या किमतीबरोबर गिऱ्हाइकाकडून धर्मासाठी म्हणून काही आकारीत आणि ती रक्कम खतावणीत वेगळी दाखवीत. कायद्याने त्या रकमेस विश्वस्तनिधी ठरविले आणि ती आकारणाऱ्यास विश्वस्त. पेढीवरचा रिवाज अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आला, हे कोशकारांनी टिपून ठेवण्याजोगे आहे.

‘८०जी’ हा तर आता मराठीतील शब्दच झाला आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमातील हा कलमांक २०२५ च्या नव्या अधिनियमात बदलला, तरी बोलण्यातून तो लवकर जाईल असे वाटत नाही. ही मान्यता सांगते ती दात्याच्या करसवलतीविषयी. संस्थेच्या गुणवत्तेविषयी नव्हे. २०२१ पासून ती मुदतीची झाली आहे. म्हणून जुने प्रमाणपत्र दाखविले गेल्यास त्यावरील मुदत वाचावी आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. रोखीने २,००० रुपयांहून अधिक दिल्यास त्या देणगीवर सवलत मिळत नाही. तरीही मोठी रक्कम रोखीनेच मागणाऱ्याला तसे का, हे अवश्य विचारावे. पावतीवरील नाव, बँकेच्या खात्यावरील नाव आणि नोंदणीतील नाव ही तिन्ही एकच असली पाहिजेत. मोबाइलवर रक्कम पाठविताना एखाद्या व्यक्तीचे नाव दिसू लागले, तर तेथेच थांबावे.

‘शासनमान्य’ या शब्दाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. कोणत्या खात्याने, कोणत्या आदेशान्वये, कशासाठी मान्यता दिली, हे सोबत नसेल तर तो शब्द केवळ शोभेचा आहे.

आमच्या विषयाचा खरा उपयोग होतो तो आवाहनाच्या वाक्यरचनेपाशी. ‘गरजूंना मदत केली जाते’, ‘अनेक मुलांचे जीवन उजळले आहे’, ‘विविध उपक्रम राबविले जातात’ ही वाक्ये पाहा. कर्मणि प्रयोगाने कर्ता लपतो, ‘अनेक’ने संख्या लपते, रीतिवर्तमानाने काळ लपतो, आणि स्थळ तर दिलेलेच नसते. अशा वाक्याला खोटे ठरविताच येत नाही. याउलट, ‘गेल्या वर्षी अमुक तालुक्यातील चाळीस मुलींचे वसतिगृहशुल्क भरले’ हे वाक्य तपासता येते, आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असते. संस्थेचा वार्षिक अहवाल हाती घेऊन किती वाक्ये या दुसऱ्या जातीची आहेत, एवढे मोजले तरी पुष्कळ कळते. अर्थात भाषा गोंडस नसली म्हणून संस्था वाईट ठरत नाही. खेड्यातील चांगल्या शाळेचा अहवाल कित्येकदा ओबडधोबड असतो, पण त्यात गावे, संख्या आणि तारखा भरलेल्या असतात.

हिशेब वाचताना एका समजुतीपासून सावध राहावे. व्यवस्थापनावरील खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, असे सरसकट म्हटले जाते. कर्णबधिरांच्या शाळेत शिक्षकाचा पगार हेच मुख्य कार्य असते. त्यास प्रशासन म्हणून हिणविणे अज्ञानाचे आहे. त्यापेक्षा विश्वस्तांना वा त्यांच्या नातलगांना दिलेली कर्जे व भाडी, विशिष्ट कामासाठी जमविलेला निधी वर्षानुवर्षे तसाच पडून राहणे, आणि लेखापरीक्षकाने मारलेले शेरे, यांकडे आधी पाहावे.

मोठ्या दात्यांनी ही दक्षता देतानाच घेतल्याचे दिसते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठास १५ लाख रुपये देऊ केले, परंतु मूळ रक्कम एकदम हाती न देता अटी पूर्ण होईपर्यंत दरसाल व्याजाचे ५२,५०० रुपये देण्याची योजना केली. कर्व्यांसारख्या निःस्पृह पुरुषाच्या बाबतीतही दात्याने हे केले, आणि त्यात कोणाचा अवमान झाला असे नाही. लहान देणगीदारासही याचे अनुकरण करता येते. पहिल्या वर्षी थोडी रक्कम द्यावी, ती कोणत्या कामासाठी आहे हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि पुढील वर्षी ताळेबंदात ती त्या नावाखाली आली की नाही हे पाहून मगच दुसरी द्यावी.